पेवाच्या तोंडाशी

१

दर शनिवारी दुपारी सेवादासची भाकरी करणारी म्हातारी तुळसाबाई प्रार्थनेची खोली सारवायची. शेणाचा पहिला हात फिरवताना ती एक जुनं भजन धरायची, आणि शेवटचं कडवं संपायला ती उंबऱ्यापाशी पोचलेली असायची. रविवारी सकाळी सेवादास, मिशनचा मास्तर आणि उपदेशक, दार उघडायचा, गोणपाटं अंथरायचा, मेजावर शास्त्र ठेवायचा आणि बाहेर कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा सात वेळा वाजवायचा. जऊळक्याच्या स्टेशनातून मागून आणलेला तो तुकडा होता. त्याचा नाद शिवारापार जायचा. उत्तरेतून शिकून परत आल्यापासून, गेली दोन वर्षं, हे असंच चाललं होतं.

त्या रविवारी पुढचं गोणपाट झटकताना त्याला मेजासमोर भेग दिसली.

वीतभर लांब, काडी जाईल एवढी रुंद. चैत्र संपत आला होता. काळ्या जमिनीला या दिवसांत भेगा पडतातच. शेतात तर बैलाचा पाय अडकावा एवढ्या पडतात. पण ही खोली काळ्या जमिनीवर नव्हती. मिशननं खाली दोन हात मुरूम भरून, धुम्मस करून जोतं उचललं होतं. आणि सारवण काल दुपारचंच होतं. त्याच्यावर तुळसाबाईच्या बोटांच्या कमानी अजून ताज्या होत्या. भेग त्या कमानींच्या मधून गेली होती.

तो खाली वाकला. भेगेतून कोमट हवा वर येत होती. तिला वास होता. बंद, आंबूस, गोडसर, वर्षानुवर्षं पुरून ठेवलेल्या ज्वारीचा.

तो वास त्यानं आयुष्यात एकदाच घेतला होता. अकरा दिवसांपूर्वी. त्यानं गोणपाट भेगेवर ओढलं आणि रूळ वाजवायला बाहेर गेला. किती टोले दिले ते त्याला नंतर आठवेना.

२

अकरा दिवसांपूर्वी गावातला दौलतराव त्याच्याच ज्वारीच्या पेवात उतरला आणि मेला. गाव म्हणत होतं, धरतीनं गिळला. मिशनच्या देवानं गिळवला.

गावानं असं म्हणायला कारणही होतं. दौलतरावानं दोन वर्षं या खोलीशी वैर धरलं होतं. रविवारी प्रार्थनेला जाईल त्याला माझ्या वावरात काम नाही, असं त्यानं चावडीवर सांगितलं होतं. खोलीकडच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून ती बुजवली होती. आणि भजन सुरू झालं की तो पारावर बसून मोठ्यानं सुरात सूर मिसळायचा, शब्द मात्र बैलाला हाकायचे. लोक पोट धरून हसायचे. भजनातलेही हसायचे.

काट्यांचं सेवादासला काही वाटलं नाही. काट्या शास्त्रात होत्याच. हसणं मात्र त्याला लागलं. गंगेकाठच्या मिशन विद्यालयात रात्र रात्र जागून त्यानं या गावासाठी अश्रू ढाळले होते. मोठ्या दुकाळात आईबाप गेलेलं पाच वर्षांचं पोर इथूनच मिशननं उचललं होतं. तो या गावाला उजेड द्यायला आला होता, आणि गाव हसत होतं.

म्हणून दौलतराव मेला त्याच्या आधीच्या रविवारी त्यानं कोरहाची गोष्ट घेतली. मोशेविरुद्ध, म्हणजे देवाविरुद्ध, उठलेला कोरह आणि त्याचे सोबती. जमिनीनं तोंड उघडलं आणि ती माणसं, त्यांचे तंबू, त्यांची बायकापोरं, सगळी जिवंत खाली गेली. वरून जमीन मिटली. सेवादासचा आवाज चांगला होता. त्या दिवशी तो आवाज पारापर्यंत गेला. पहिल्यांदाच पारावरून बैलाची हाक आली नाही. दौलतरावाचे चार गडी काट्यांपलीकडे उभे राहून ऐकत होते, आणि एकही हसत नव्हता.

त्याला किती बरं वाटलं होतं.

३

आदल्या वर्षी पाऊस रुसला होता. गड्यांच्या घरी चुली विझत आल्या, तेव्हा दौलतरावानं बापाच्या वेळचं पेव फोडायचं ठरवलं. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणच: तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, पोट खाली घराएवढं. तोंडावरची चीप काढली की दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं दिवा सोडून पाहायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं. विझला तर खाली वारा नाही, थांबायचं. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

सेवादास शाळेकडे निघाला होता. दौलतरावानं त्याला वाटेतच हाक मारली.

"का बे सेव्या! इकडे ये जरा. तुया कीर्तनानं माया गड्याइची पाचर बसवली ना बे! कोनी उतरतच नाई. धरती गिळन म्हन्तेत."

गडी खाली माना घालून उभे होते.

"मीच उतरतो," दौलतराव धोतराचा काचा मारत म्हणाला. "सकाळीच उघडलं हाय. एक दिस ठिवा लागते, ठाव हाय मले. पन लेकरं उपाशी झोपले ना राती. धर, हा दोर धर. तूच सोड दिवा. तुया देवालेच इचार, गिळते का मले."

सगळे हसले. गडीही, सुटल्यासारखे.

सेवादास पालथा पडला आणि तोंड पेवाच्या तोंडाला लावलं. एका वेळी एकच माणूस पाहू शकेल एवढीच जागा. दिवा खाली खाली गेला. मातीची भिंत, भिंतीला लावलेला कडबा, मग ज्वारीचा पांढरा उतार. आणि ज्योत निळी झाली, बसकी झाली, गेली. फडफडली नाही. कुणी चिमटीत धरावी तशी गेली.

तो तसाच पडून राहिला. एक लहान प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ. "थांबा" हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. त्याची चव त्याला अजून आठवत होती. आणि त्याच वेळी एक विचार आला, विद्यालयातल्या गुरूच्या आवाजात यावा तसा शांतपणे: मोशे कोरहाला थांब म्हणाला होता काय?

त्यानं दिवा वर ओढला.

"इझला वाट्टे," दौलतराव म्हणाला. "ओढता ओढता इझला आसन. खाली जित्ता होता न?"

सेवादासनं होकारार्थी मान हलवली.

तोंडातून खोटा शब्द गेला नाही, एवढं त्यानं सांभाळलं.

"येतो बे," दौलतराव दोर धरून उतरता उतरता म्हणाला. "तुया कोरहाले राम राम सांगतो." आधी पाय गेले, मग मुंडासं. खालून एकदा "मास्त..." असं ऐकू आलं. मग ज्वारी घसरल्याचा लांब, सावकाश आवाज.

गडी उड्या टाकायला निघाले, म्हाताऱ्यांनी त्यांना कवळ घालून धरलं. गोधड्यांनी वारा घातला. संध्याकाळी त्याला वर काढला तेव्हा त्याच्या बंद मुठीत ज्वारी होती.

४

दुसऱ्या रविवारी भेग दोन हात झाली होती. तुळसाबाईनं तिच्यावर तीनदा सारवण केलं होतं.

सेवादासनं गफ्फार गवंड्याला बोलावलं. गफ्फार बोलका माणूस. टोपल्या उतरवत म्हणाला, "मास्तर, आमच्या मशिदीची भिंत गळते तं आमी अल्लाले दोष देत नाई, मलेच शिव्या देतो. तुमी बरे, तुमच्यात सगळं देवच करते." त्यानं तीन टोपल्या मुरूम भेगेत ओतला, वरून पाणी मारलं, धुम्मस उचलली. मग तो थांबला.

"मुरूम कुठी गेला?"

भेग होती तशी होती.

गफ्फारनं आणखी दोन टोपल्या ओतल्या. मग तो गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ कान जमिनीला लावून राहिला. 

"जुनं पेव आसन खाली," गफ्फार उठत म्हणाला. "कोनाचं तरी इसरलेलं. अशानंच खचते जमीन."

"तसंच असेल," सेवादास घाईनं म्हणाला. त्याला केवढा तरी आधार वाटला. विसरलेलं पेव. वासाचा उलगडा झाला, मुरमाचा झाला. "मग भरून टाक ना वरपर्यंत."

गफ्फारनं टोपल्या एकात एक घातल्या. "दुसरा गवंडी पाहा, मास्तर."

"का रे?"

"खाली कोनी तरी खोकलते," गफ्फार म्हणाला. नेहमीचं हसू आणायचा त्यानं प्रयत्न केला, ते आलं नाही. मजुरी न घेताच गेला.

संध्याकाळी तुळसाबाई भाकरी वाढताना म्हणाली, "पेव इथं कायचं येते? ही जागा सरकारी पडीत व्हती. मी या गावात जल्मली, बापू."

"कुणालाच ठाऊक नसेल."

"पेव काय सुई हाय इसराले?" तिनं भाकरी मोडली. "मोठ्या दुकाळात दौलतच्या बापानं आपलं पेव फोडलं. हेच, दौलत मेला ते. टोपल्यानं जवारी वाटली त्यानं. तुले मिशनात नेलं त्याच्या आधी पंधरा दिस मी तुले पेज पाजली, ते तिथलीच. नाई तं तू कशाचा वाचतं."

सेवादासचा घास तोंडातच राहिला.

"हे मला कधी सांगितलं नाही तू."

"सांगाचं काय त्यात? आन घरोघर सारखंच व्हतं." मग ती सहज म्हणाली, "पन देव तो देव. त्याच्या आड आला त्याले कोन वाचवन?"

५

दौलतरावाची बायको सोजरबाई भर दुपारी आली. दोन्ही मुली सोबत होत्या. ती ओट्यावर बसली आणि पाय वर ओढून घेतले. मुलींनाही वर घ्यायला लावलं. मोठी, कस्तुरा, नऊ वर्षांची. तिघींपैकी कुणाचाच पाय मातीला लागत नव्हता.

"त्या तुमच्या गोष्टीत बायकाबी गेल्या म्हन्तेत. खरं हाय?"

"हो," सेवादास म्हणाला.

"लेकरंबी?"

तो मुलींच्या वर घेतलेल्या पायांकडे पाहू लागला.

"मंग माया पोरी काहून वाचल्या?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात रडं नव्हतं. तिनं याचा फार दिवस विचार केला होता. "वाचल्या नसन. गिळाच्या राह्यल्या आसन. कस्तुरा आता बाजीवर बसून जेवते, मास्तर. लहानी खाली पाय ठिवते तं मी तिले मारते. किती दिस मारू?"

"बाई, तसं काही..."

"तुमच्या देवात घ्या आमाले. रविवारी बाप्तिस्म्याचं पानी द्या. मंग तं नाई न गिळनार?"

महिन्यापूर्वी हे ऐकून तो गुडघ्यावर पडून रडला असता. सोजरबाई आली तर तिच्या मागून बारा घरं येणार होती. तसा निरोप आलाच होता. वरिष्ठांना त्यानं पत्रही लिहायला घेतलं होतं.

"एक इचारू?" ती म्हणाली. "मालक उतरले तवा भेले नवते न?"

"नाही. हसत होते."

"हसतच आसन. लय वांड मानूस." ती क्षणभर हसली, मग पुन्हा तशीच झाली. "लोक म्हन्तेत वारा नसन पेवात. मी म्हनलं, कसं? मास्तरनं सोता दिवा सोडला व्हता. दिवा जित्ता व्हता. दिवा जित्ता तं मानूस काहून मरन? म्हंजे देवच की नाई?"

सेवादास तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या त्या एका मान हलवण्यावर किती मोठी इमारत उभी राहिली होती, ते त्याला तेव्हा दिसलं. चमत्कार, बारा घरं, या तीन जीवांची भीती, सगळं त्या एका होकारावर.

आता सांग, त्यानं स्वतःला म्हटलं. आत्ता. ओट्यावर दुसरं कुणी नाही.

"रविवारी या," तो म्हणाला.

त्या गेल्यावर तो खोलीत आला. बाहेर पांढरं ऊन होतं, आत अंधारलेलं. त्यानं मोठ्यानं हिशेब मांडला, विद्यालयात वादाला उभं राहत तसा. ज्योत खालीच विझली हे खरं. पण ती वारा नसल्यानं विझली की दोराच्या झटक्यानं, हे कोण सांगणार? आणि दैवी न्याय माणसाच्या हातून होतच नाही काय? राजांना देवानं तलवारी दिल्याच ना?

बोलता बोलता तो गप्प झाला. तो गप्प झाला तरी आवाज क्षणभर चालूच राहिला होता. जमिनीखाली, घुमत, एक शब्द मागे.

पेव असलं की घुमणारच, तो म्हणाला. आणि मग त्याला आठवलं की इथं पेव नाही.

६

रविवारी खोली माणसांनी गच्च भरली. बारा घरं आली होती. काट्या कुणीतरी पहाटेच उचलून वाट मोकळी केली होती. भेग आता भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली होती, चांगली वीतभर रुंद; लोक तिच्या अलीकडे दाटीनं बसले होते आणि पलीकडे मेजापाशी सेवादास एकटा उभा होता. भेगेकडे कुणी पाहत नव्हतं. की तिला पाहायची आता सवय झाली होती, कोण जाणे.

त्यानं शास्त्र उघडलं नाही.

"दिवा विझला होता," तो म्हणाला.

लोक ऐकत होते.

"दौलतराव उतरले त्याच्या आधी. मी खाली पाहत होतो. दिवा खालीच विझला. त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी मान हलवून हो म्हटलं. धरतीनं कुणाला गिळलं नाही. मी मारलं त्यांना. मला राग होता."

एवढं सांगायला त्याला पंचवीस दिवस लागले होते.  आता दगड येतील, असं त्याला वाटलं. यावेत, असंही वाटलं.

मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "आमेन."

मग दुसरं कुणी. मग सगळे. तुळसाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"देवानं तुयी जीभ धरली रे, बापू," ती म्हणाली. "तू बोलनार व्हता, त्यानं बोलू नाई देलं. केवढा त्याचा हात तुयावर!"

"नाही," सेवादास म्हणाला. "तसं नाही. ऐका..."

पण सोजरबाई उठली होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. आकाशाकडे पाहावं तशी ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेतला राग त्याला शोधूनही सापडला नाही. तिथं फक्त भीती होती, आणि ती आता देवाची नव्हती. त्याची होती.

"समजलं मले, मास्तर," ती म्हणाली. "तुमी हो म्हनसान तं मानूस मरते, तुमी म्हनसान तं वाचते. माया काई राग नाई. मी पाया पडतो तुमच्या. पोरीइले पानी द्या. आधी पोरीइले द्या." तिनं कस्तुराला पुढं ढकललं. "जाय, माय. मास्तर म्हन्तेत तसं कर."

मुलीनं भेगेपाशी येऊन त्याच्याकडे पाहिलं. पलीकडे यायला तिला भेग ओलांडावी लागणार होती.

"येऊ?" तिनं विचारलं.

सगळी खोली त्याच्याकडे पाहत होती. त्याची मान हलायचीच बाकी होती. त्यानं ती खाली घातली, आणि भेगेत त्याची नजर गेली.

खाली अंधार नव्हता.

खाली, फार खोल, पांढऱ्या उन्हाचं एक गोल होतं. दुपारचं आभाळ, रांजणाच्या तळातून दिसावं तसं. त्या गोलात एक डोकं होतं, काळं, काठावर पालथं पडलेलं. सदऱ्याची वरची गुंडी सुटलेली. हातात दोर. ते डोकं खाली पाहत होतं. म्हणजे त्याच्याकडेच पाहत होतं. त्याला सगळं दिसत होतं आणि ते काही बोलत नव्हतं.

 सेवादासच्या छातीत आंबूस, गोड, कोमट असं काही भरलं. हे कुणी पाहिलं होतं? त्या वेळी दौलतराव वर उभा होता. पेवात कुणीच नव्हतं. मग तळाशी बसून, वर तोंड करून, माझ्याकडे कोण पाहत होतं?

जन्मभर तो देवाला वर शोधत आला होता.

बोल, तो त्या डोक्याला मनात म्हणाला. बोल रे. एकच शब्द आहे.

गोलातलं डोकं बाजूला वळलं. काठावरच्या कुणाकडे तरी पाहून ते हललं. एकदाच, होकारार्थी. मग ते दूर झालं आणि उन्हात दोन पाय आले.

"थांब!" सेवादास ओरडला. "थांब, उतरू नको! वारा नाही खाली! उतरू नको!"

कस्तुराचा उचललेला पाय तसाच मागे आला. सोजरबाईनं झेप घेऊन तिला ओढलं, धाकटीला काखेत मारलं, आणि माणसांमधून वाट काढत ती दाराबाहेर गेली. मागून खोली रिकामी होऊ लागली. कुणी धावत नव्हतं, पण कुणी थांबतही नव्हतं. शेवटी फक्त तुळसाबाई राहिली, उंबऱ्यात. ती "बापू, बापू" म्हणत होती, आणि आत मात्र येत नव्हती.

तो भेगेच्या काठाशी पालथा पडला होता. बाहेरच्या उन्हात कस्तुराच्या पावलांचा आवाज लांब लांब जात होता. तो त्याला ऐकू आला, आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. त्यानं पुन्हा खाली तोंड घालून हाक दिली, घसा फाटेपर्यंत दिली.

खाली उतरणारे पाय मात्र थांबले नाहीत.